‘साप मारू नका हे लिहायला सोपं आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. मागच्या लेखात मी ‘साप दिसला तर मारू नका’ लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: घरात रांगतं पोर असताना सर्पमित्राची वाट बघत बसणं परवडत नाही, विषारी-बिनविषारी ओळखायला शिका म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री बॅटरीच्या उजेडात ओळखून दाखवावं, आणि मेलेला साप निदान डॉक्टरांना दाखवता तरी येतो.

ओळखण्याबद्दल तुमच्याशी वादच नाही. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांचंच बघा. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने, डोक्यामागे थोडी जागा सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच दिसतात आणि शेपटीकडे पुसट होतात. कागदावर हे छान वाटतं. पण साप बादलीमागे वेटोळं करून बसलेला असताना पट्टे कुठून सुरू झालेत हे बघायला कोण वाकणार? वाकूही नये. ओळख पटत नसेल तोवर प्रत्येक साप विषारीच धरायचा.

मारण्याबाबत मी कायद्याचा धाक घालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यातही स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा धरत नाहीत. माझी हरकत साधी आहे: काठी घेऊन पुढे गेलेला माणूस स्वतःहून सापाच्या टप्प्यात जातो. साप सहसा आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंतच झेप घेतो, म्हणजे सात-आठ फुटांवर उभ्या माणसाला घोणसही काही करू शकत नाही. तीच घोणस, एरवी सुस्त पडलेली, पहिला फटका हुकला की कुकरसारखी फुसफुसते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत डसते. शिवाय मेल्यावर, अगदी मुंडकं तुटल्यावरही, जबडा काही काळ चावू शकतो.

मग करायचं काय? पोराला उचलून दुसऱ्या खोलीत न्या. साप खोलीत असेल तर दार लावून खालच्या फटीत जाडसर टॉवेल कोंबा. अंगणात असेल तर त्याची पळवाट मोकळी सोडा आणि एका मोठ्या माणसाने लांबून नजर ठेवावी. सर्पमित्राला उशीर झाला तर होऊ दे. नजरेखाली असलेला, कुणी डिवचत नसलेला साप अंगावर धावून येत नाही.

खरी भीती न दिसलेल्या सापाची, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका नाजूक की बऱ्याचदा जागही येत नाही. सूज नाही, आग नाही, दातांच्या खुणाही कधीकधी सापडत नाहीत. मग पहाटे पोटात कळ येते, घसा धरल्यासारखा होतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरातले म्हणतात अपचन झालं असेल, आणि त्यात मोलाचे तास जातात. भुईवर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतं म्हणून रडत उठलं आणि त्याचे डोळे नीट उघडत नसतील, तर साप दिसलेला नसला तरी थेट रुग्णालय गाठा.

यावरचा उपाय काठीपेक्षा स्वस्त आहे. पलंगावर झोपायचं, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट खोचायच्या. भुईवर झोपण्यावाचून इलाज नसेल तरी मच्छरदाणी हवीच. रात्री उठताना आधी बॅटरी लावायची, मग पाय खाली. फिनेल, लसूण, बाजारातल्या पावडरी यांवर भरवसा ठेवू नका. घरातले उंदीर आणि भिंतीलगतचा विटा-लाकडांचा ढीग हटवलात तर त्याचा जास्त उपयोग होईल.

मेलेल्या सापाचं म्हणाल तर डॉक्टरांना तो लागत नाही. आपल्याकडचं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. उपचार लक्षणं पाहून होतात. विषामुळे रक्त गोठायचं थांबलंय का हे बघायला थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात; गोठलं नाही तर पुढचं ठरतं. लांबून सुरक्षितपणे फोटो काढता आला तर काढा, नाही तर राहू दे.

चावलाच, तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-बांगडी काढा, हात किंवा पाय मोडल्यावर ठेवतो तसा स्थिर ठेवा, चालायला लावू नका आणि निघा. आणि मूल लहान म्हणून इंजेक्शन कमी द्या, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. सापाने मुलाचं वय बघून विष कमी सोडलेलं नसतं, त्यामुळे अँटीव्हेनमचा डोस मोठ्यांइतकाच असतो.

एक काम मात्र आजच करून ठेवा. जवळच्या रुग्णालयात फोन करून विचारा की अँटीव्हेनम रात्रीही मिळतं का, आणि श्वास बंद पडायला लागला तर व्हेंटिलेटर आहे का. उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी कुणाची, हे आत्ताच ठरवून टाका.