हळू बोला, मशीन म्हातारं आहे

काल भोसरीत एक मशीन चालू करून रात्री साडेअकराला घरी आलो. मशीन मी चालू केलं, हे माझं मत. शेठचं मत वेगळं आहे, त्याकडे येतोच.

गुरुवारची सुट्टी म्हणून कुणीतरी वीज वाचवायला १९९६ सालच्या ड्रिलिंग मशीनचा मेन बंद केला. त्याचा प्रोग्राम रॅममध्ये, आणि मेन बंद असताना रॅम जगते पॅनलमधल्या बोटभर लिथियम सेलवर. सेल कधीच संपलेला. दोन वर्षं मी दर रिपोर्टात लिहितोय, 'सेल बदला, आणि मशीन चालू असतानाच बदला'. शुक्रवारी सकाळी मशीन म्हणजे कोरी पाटी.

"काही नाही हो, फक्त सॉफ्टवेअर टाकायचंय," शेठ फोनवर.

या 'फक्त'शी माझं जुनं वैर आहे. नळवाल्यालाही लोक 'फक्त वायसर बदलायचाय' म्हणतात. म्हणून तो दोन दिवस उशिरा येतो, आणि अगदी बरोबर करतो. मी मात्र अर्ध्या तासात हजर.

प्रोग्रामची फ्लॉपी पॅनलच्या दारात सापडली, दुधाच्या पिशवीत, आजवरच्या सगळ्या दसऱ्यांच्या हळदीकुंकवासकट. पत्रा सरकवला तर आतही कुंकू. तरी वाचली गेली. पण लोडर, म्हणजे प्रोग्राम मशीनमध्ये भरणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातला. माझ्या लॅपटॉपचं ६४ बिटी विंडोज त्याला उंबऱ्याच्या आत घेईना. मग पिशवीतून जुना एक्सपीवाला लॅपटॉप काढला. त्याला सिरियल पोर्ट, म्हणजे मशीनची वायर लावायचं जुनं भोक, नाही. यूएसबीची वायर जोडली, तर विंडोजनं तिला नंबर दिला कॉम ५, आणि लोडरला ठाऊक कॉम १ आणि कॉम २. तेही निस्तरलं. एंटर मारला. 'रनटाइम एरर २००'. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

एवढा वेळ मामा माझ्यामागे बेअरिंगच्या खोक्यावर बसून तंबाखू मळत होते. मामा म्हणजे या मशीनचे पहिल्या दिवसापासूनचे ऑपरेटर. मशीनसमोर चप्पल घालून उभं राहिलेलं त्यांना खपत नाही, त्यामुळे मी दुपारपासून ऑइल सांडलेल्या फरशीवर मोज्यांवर.

"सायेब, मशीन इसरलेलं न्हाई. रुसलंय."

"मामा, त्याची मेमरी गेलीय."

"मेमरी माझ्या आईची बी गेलीया. पर हळू बोललं की सगळं वळखती. तुमचा कंप्युटर लई भडाभडा बोलतोय."

"कॉम्प्युटर बोलत नाही, मामा."

"ज्या पोरानं पयल्यांदा टाकला ना, त्यो दोन बोटांनी टायपायचा. येक टक, मग चा. येक टक, मग चा. तुमी दहा बोटं लावताय. कसं सोसंल?"

इथे मी त्यांना बॉड रेट, म्हणजे वायरीतून डेटा जाण्याचा वेग, समजावला. चांगली दहा मिनिटं. पॅनलच्या दारावर खडूनं आकृती काढून. मामांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू ओठात सारली आणि म्हणाले, "तेच सांगतोय. हळू."

आणि मग मला आठवलं. टर्बो पास्कल या डॉसच्या काळातल्या भाषेत लिहिलेले बरेच जुने प्रोग्राम सुरू होताना आधी कॉम्प्युटरचा वेग मोजतात: ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजायचं आणि ५५ नं भागायचं. कॉम्प्युटर फार वेगवान असला की उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत मावत नाही, आणि प्रोग्राम 'शून्यानं भागलंत' असा आरोप करून मरतो. तोच एरर २००. शून्य कुठेच नाही; वेग जास्त.

डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम, टाकला, त्याचा वेग कमी करणारी कंट्रोल आणि एफ ११ ही बटणं दाबत दाबत लॅपटॉपला पार बैलगाडी करून सोडलं, आणि लोडर उघडला. मामा मागे वळून हेल्परला म्हणाले, "आईला बी असंच लागतं."

ही गोष्ट शेठच्या केबिनमध्ये माझ्याआधी पोचली. "मामांनी सांगितल्यावर पाच मिनिटांत झालं म्हणे! मग आठ तासांचं बिल कसलं?" शेठ मोठ्यानं हसले. मीही हसलो, हसल्याचे पैसे लावता येत नाहीत. चार तासांवर तोडलं. मोज्यांचे तर मी धरलेलेच नव्हते. बिलातल्या शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. सेल, नग १.

"हा आत्ता राहू दे. आत्ताच तर चालू झालंय."

निघताना पाहिलं, मामा खुर्चीवर चढून मेनच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधत होते.

"आता गुरवारी कोन हात लावतोय बघू."

दोरी सैल होती. मी पॅनलमधला केबल टाय काढून दिला.