मांजरांच्या कापलेल्या कानाबद्दल खुलासा

‘बचाव संस्थावाले सोसायटीतली मांजरं नेतात, कान कापतात आणि पुन्हा इथेच आणून सोडतात; देणगी मात्र घेतात’ असा मेसेज फिरतोय. यात फसवणूक नाही. नसबंदीच्या वेळी, मांजर भुलीखाली असतानाच, कानाचं टोक काढतात; बहुधा डाव्या. लांबून ती सरळ कापलेली कड दिसली की नसबंदी झाल्याचं कळतं आणि त्या मांजराला पुन्हा पकडून शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावं लागत नाही. मूळ जागी सोडतात, कारण अनोळखी हद्दीत त्याचे फार हाल होतात. आणि चार-पाच महिन्यांची मादीही गाभण राहू शकते, म्हणून नसबंदीची ही घाई.

फोन न उचलणं, जखम भरण्याआधीच सोडणं या तक्रारी वेगळ्या. त्या रास्त आहेत, संस्थांनी उत्तर द्यायलाच हवं.