गप्पी मासे ओढ्यात सोडायला सांगणारा मेसेज आणि त्यातल्या चुका

पाऊस सुरू झाला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. 'जवळच्या तळ्यात, ओढ्यात गप्पी मासे सोडा. ते फक्त डासांच्या अळ्या खातात, डेंग्यू संपवतात, निसर्गाला काडीचाही धोका नाही.' हेतू चांगला आहे, पण माहिती जवळपास सगळी चुकीची.

'डेंग्यू संपवतात': डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास तळ्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला कूलर, टायर, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे पुरतो. तिथे मासा सोडणार कसा? मलेरियाबद्दलही २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत (उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) असे दिसले की मासे काही ठिकाणी अळ्या कमी करतात. पण त्यामुळे रुग्ण कमी होतात का, हे मोजणारा निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नाही.

'फक्त अळ्या खातात': असा धरबंध माशाला नसतो. गप्पी दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लेही खातो. शिवाय ज्याला आपण सरसकट गप्पी म्हणतो, त्यात पुष्कळदा गॅम्बुशिया नावाचा वेगळाच मासा असतो. रंगीत शेपटीचा नर दिसला तर गप्पी. सगळेच करडे असतील तर शंका घ्या. गॅम्बुशिया बेडूकमाशांच्या शेपट्या कुरतडतो, आणि ज्या चतुरांच्या पिल्लांनी डासांच्या अळ्या खायच्या, त्यांनाही खातो!

'निसर्गाला धोका नाही': हा दावा सर्वांत महागात पडणारा. गप्पी दक्षिण अमेरिकेतला, गॅम्बुशिया उत्तर अमेरिकेतला. गॅम्बुशिया १९२८ साली इटलीमार्गे भारतात आला. दोघांची मादी थेट पिल्ले देते आणि नराचे बीज साठवून ठेवते, त्यामुळे एकटी गाभण मादीही नवी वसाहत उभी करू शकते. एकदा ओढ्यात पसरलेले हे मासे वेचून काढणे जवळपास अशक्य. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लाल पंखांचा 'ब्लू-आय' नावाचा इवलासा मासा एजबॅस्टनच्या मोजक्या झऱ्यांतच राहतो. गॅम्बुशिया शिरला त्या बहुतेक झऱ्यांतून तो नाहीसा झाला. आपल्याकडच्या ओढ्यांत काय घडले, याची अशी मोजदाद कोण ठेवतो?

'आरोग्य खातेच सोडते, मग आपण का नको?' बांधकामावरच्या बंदिस्त हौदात मासे सोडणे वेगळे. तिथून ते बाहेर पडले नाहीत तर हरकत नाही. मेसेज ओढ्याबद्दल बोलतो.

डासांच्या अळ्या आपल्याकडचे मासेही खातात. डोक्यावर चकाकता ठिपका असलेला ॲप्लोकायलस तर पृष्ठभागालगतच शिकार करतो. तो आधीच असलेल्या तळ्यात पाहुणा कशाला?

डेंग्यू टाळायचा तर आठवड्याचा कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेले पाणी ओतून भांडी कोरडी करा. पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते: एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.