खुलासा : ते बाळ विकत घेतलेलं नाही

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय : 'वरच्या मजल्यावरच्या मिशनरी कुटुंबानं जव्हारकडच्या गरीब आईकडून मूल विकत घेतलं.' हे साफ खोटं आहे. मी शेजारीच राहते.

बाळाची आई त्याच घरात आहे. बाळाचे पाय जन्मतः आत वळलेले आहेत. त्याला क्लबफूट म्हणतात. यावर दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाय थोडा थोडा सरळ करतात, मग काही वर्षं रात्री पट्टीने एकमेकांना जोडलेले बूट घालायचे. गावाहून दर आठवड्याला एसटी आणि लोकल करत येणं त्या माउलीला झेपणारं नव्हतं, म्हणून त्या दोघांना इथं ठेवून घेतलंय. काल सकाळी जुनं प्लास्टर सुटावं म्हणून ते टबात भिजवायला मी स्वतः मदत केली. पाणी दुधासारखं झालं, आणि बाळ त्यातच हात आपटत होतं.

दत्तकाचा प्रश्नच नाही. त्याला कायद्याची रीतसर प्रक्रिया लागते, आणि मूल विकणं-घेणं गुन्हा आहे. खरीच शंका असेल तर १०९८ वर चाइल्ड हेल्पलाइनला कळवा, पण आईचा फोटो फिरवू नका. ती तो मेसेज वाचून रात्रभर रडली. ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी कृपया आजच डिलीट करावा.