कॉलनीत बिबट्या बोलवायचाय? सोप्पंय

बिबट्या दारात यावा असं मनापासून वाटत असेल तर जंगलाजवळ बंगला घ्यायची गरज नाही, नाशकात फ्लॅटमध्ये राहून पण जमतं. फक्त घंटागाडीच्या नादी लागू नका. ती येते तेव्हा आपण आंघोळीला असतो, म्हणून उरलेली बिर्याणी, हाडं सगळं रात्रीच पिशवीत बांधायचं आणि नासर्डी नदीच्या काठाला लांबून भिरकवायचं, नेम चुकला तरी चालतो. चिकनवाल्यालाही सांगून ठेवा, पिसं-आतडी इथंच टाक बाबा, एवढ्यासाठी कुठं गाडी काढतो.

पुढचं काम कुत्री न् डुकरं करतात. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याची विष्ठा तपासली तर त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने 39 टक्के नुसती कुत्रीच निघाली, म्हणजे साहेब कचऱ्यासाठी येतच नाहीत, कचरा खाणाऱ्यांसाठी येतात. आपण आपलं खालच्या फळीला जेवू घालायचं, बस.

मळ्यात राहणाऱ्या निफाड-सिन्नरच्या मंडळींना तर काही शिकवायलाच नको. ऊस आहेच, मादी त्यातच पिल्लं घालते. शेळ्या उघड्यावर बांधा, गोठ्याला जाळी कशाला, हवा खेळायला नको का!

आला की मग खरा कार्यक्रम. 2019 च्या जानेवारीत सावरकरनगरात भर वस्तीत घुसला, माणसं जखमी झाली, तरी बघे काही कमी झाले नाहीत, ही परंपरा आपण टिकवलीच पाहिजे. मोबाईल वर धरून जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा, आरडाओरडा करा, पळायला वाट ठेवू नका. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाईनला फोन रील टाकून झाल्यावर.

मग पिंजरा मागायचा. त्यात आमिष म्हणून शेळी नाहीतर कोंबडी ठेवतात, म्हणजे नदीकाठी आपण फुकट वाटतोय तेच, फक्त दार लावून. पकडून लांब नेऊन सोडला की विषय संपला म्हणायचं. जुन्नरकडे असाच पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लावला होता तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले, पण ते जुन्नर, आपलं नाशिक वेगळं! इथं रिकाम्या जागेत दुसरा येईलच ना, मेस तर चालूच आहे.

आणि ग्रुपवर कोणी शहाणा म्हणालाच की कचरा झाकणाच्या डब्यात ठेवा, सकाळी गाडीत द्या, तर त्याला लगेच रिमूव्ह करा. पिंजऱ्यासाठी वनखात्याला द्यायच्या निवेदनावर त्याची सही मात्र आधी घेऊन ठेवा.