खुलासा: ‘दारुड्याची पोरं बिघडणारच’ हा मेसेज अर्धवट आहे

‘बाप पिणारा किंवा आईवडील विभक्त असले की मुलं कोवळ्या वयातच शरीरसंबंधांत अडकतात, त्यांच्याशी दोस्ती नको’ हा मेसेज नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तसं सिद्ध झालेलं नाही. अशी घरं आणि कोवळ्या वयातले शरीरसंबंध यांची सांगड आढळते, पण ती फक्त शक्यता वाढल्याची. १९९८च्या अमेरिकेतल्या गाजलेल्या ‘एसीई’ (बालपणातले वाईट अनुभव) अभ्यासात प्रौढांना बालपण आठवून विचारलं होतं; त्यावरून शेजारच्या पोरीचं भविष्य कसं सांगणार? नुसत्या विभक्त होण्यापेक्षा रोजची भांडणं, मारहाण आणि मुलांकडे दुर्लक्ष जास्त घातक ठरतं. मेसेजनं सोयीस्करपणे गाळलेली बाब म्हणजे अशा घरांत मुलांवरच अत्याचार होण्याचा धोकाही वाढतो. तसा संशय आला तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, मोफत.