‘अतिरेकी ओळखणं हे मास्तरांचं काम नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या पालकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई यांना हिंसक कट्टरता रोखण्याचं प्रशिक्षण देणं म्हणजे पैशाचा चुराडा. अतिरेकी पकडणं पोलिसांचं काम. ते कुठल्या वस्तीत सापडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा डोकं फिरलेला माणूस परत येत नाही. आणि शेवटी, ‘उद्या हेच मास्तर तुमच्या पोराची चुगली ठाण्यात करतील.’

मी शाळांमध्ये समुपदेशन करते, अशा प्रशिक्षणांत शिकवतेही. त्यामुळे एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘हे पोलिसांचं काम आहे.’ गुन्हा घडला किंवा त्याची तयारी दिसली की नक्कीच आहे. पण रात्र रात्र जागून द्वेषाचे व्हिडिओ बघणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने कोणताच गुन्हा केलेला नसतो. त्याच्याकडे पोलिसांनी कशासाठी जायचं? तो बदलतोय हे आधी दिसतं वर्गात, घरात, खेळाच्या मैदानावर. अमेरिका आणि युरोपात एकट्याने दहशतवादी हल्ला केलेल्या किंवा त्याचा कट रचलेल्या 119 जणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 82 टक्के प्रकरणांत त्या माणसाच्या मनातली खदखद इतर कुणाला तरी माहीत होती. सुमारे 64 टक्के प्रकरणांत तर त्याने आपला इरादा घरच्यांना किंवा मित्रांना तोंडाने सांगितला होता.

आणि काम वाटून घेणं ही काही परदेशी कल्पना नाही. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने 1988 पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. यंत्रमाग कामगार, दुकानदार, दोन्ही समाजांतली माणसं नियमित एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. 2007 ची तंटामुक्त गाव मोहीमही त्याच वाटेवरची.

‘कुठल्या वस्तीत सापडतात ते ठाऊक आहे.’ हे वाक्य नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने तरी लिहू नये. 8 सप्टेंबर 2006 ला मालेगावात, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. त्यात नऊ मुस्लिम पुरुषांना पकडलं. त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, पण एकजण तो दिवस बघायला जिवंत नव्हता. दुसरीकडे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 2013 मध्ये पुण्यात खून झाला आणि 2024 मध्ये त्यासाठी दोघांना जन्मठेप झाली. गडचिरोलीत बंदूक उचलणाऱ्यांना धर्माशीच देणंघेणं नव्हतं. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावरून काही गोष्टी खोडतो: दाढी, टोपी, टिळा, भगवा गमछा, नमाज, उपास. यातलं काहीही लक्षण नाही.

मग बघायचं काय? आम्ही सरावासाठी एक प्रसंग देतो. अकरावीचा मुलगा. वडिलांचं अंबड एमआयडीसीतलं काम सुटलंय. त्याने जुने मित्र सोडलेत, वर्गात झोपतो. ‘त्यांना धडा शिकवल्याशिवाय गत्यंतर नाही’ असं वहीच्या मागच्या पानावर लिहितो. बाकावरच्या मुलाला म्हणालाय, ‘थोडे दिवस थांब, कळेल सगळ्यांना.’ एका टेबलाशी शिक्षिका, आशाताई, हवालदार आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: ‘मुलगा कोणत्या समाजाचा?’ ते आम्ही मुद्दाम लिहिलेलं नसतं आणि विचारलं तरी सांगत नाही. मग चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते. शिक्षिकेला मार्कांची घसरण दिसते. अशा घरात काम सुटल्यावर काय काय होतं, हे आशाताई सांगते. डॉक्टर झोपेबद्दल विचारतात, मुलगा स्वतःच्या जिवाला तर काही करणार नाही ना, हेही विचारतात. हवालदार सांगतात, या टप्प्यावर त्याला ठाण्यात आणलं तर तो आणखी बंद होईल. शेवटी ठरवायचं असतं एवढंच, की पहिलं कोण बोलणार. बहुतेकदा नाव निघतं ते ज्याच्यावर मुलाचा अजून विश्वास आहे त्याचं, म्हणजे एखादे खेळाचे सर किंवा मामा. मात्र हत्यार, ठिकाण किंवा तारीख यातलं काही समोर आलं तर थांबायचं नाही, लगेच 112.

आता चुगलीचा मुद्दा. मेसेजमधलं हे एकच वाक्य मला गंभीर वाटतं. ब्रिटनने 2015 च्या कायद्याने शाळा आणि रुग्णालयांवर या कामाची सक्तीच केली. शाळा-कॉलेजांतून नावांचा ढीग आला, त्यातल्या बहुतेकांना पुढच्या मदतीची गरज निघाली नाही, आणि वर्गात मनातलं बोलायला मुलं बिचकतात अशी टीका झाली. उलट 2024 मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुली मारणाऱ्या मुलाचं नाव याच व्यवस्थेकडे तीनदा गेलं होतं. ठरावीक विचारसरणी दिसत नाही म्हणून त्याचं प्रकरण बंद केलं गेलं. म्हणजे नको त्याला पकडलं आणि हवा तो सुटला, दोन्ही चुका झाल्या. ‘दिसलं की कळवा’ एवढंच शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला माझाही विरोध आहे.

म्हणून माझा आग्रह असतो: नावांची यादी ठेवायची नाही, मूल आणि पालक यांच्या पाठीमागे काही करायचं नाही, आणि पोलीस बैठकीत असावेत पण बैठक पोलिसांची नसावी. आपला कायदाही अशा मुलाकडे सहसा गुन्हेगार म्हणून बघत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 83 नुसार मुलांना सशस्त्र गटात ओढणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. ओढला गेलेला मुलगा या कायद्याच्या नजरेत संरक्षणाचा हक्कदार आहे. मालेगावच्या अनुभवानंतर तिथल्या आईने मुलाबद्दलची काळजी बोलून दाखवावी असं वाटत असेल, तर तिला आधी ही खात्री द्यावी लागेल.

‘डोकं फिरलेला परत येत नाही.’ गडचिरोलीत 2005 पासून आत्मसमर्पण योजना आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता भूपती तिथे साठ साथीदारांसह शरण आला. डेन्मार्कच्या आरहूस शहरात शाळा, समाजकल्याण खातं आणि पोलीस एकत्र बसतात, सीरियातून परतलेल्यांनाही शिक्षण आणि नोकरीसाठी मदत करतात. तिथून 2013 पर्यंत तीसेक तरुण सीरियाला गेले होते, 2014 मध्ये एक गेला. सगळं श्रेय या कामाला देता येणार नाही, पण ‘परत येत नाही’ म्हणणाऱ्याने हेही बघावं.

राहिला पैसा. महाराष्ट्र पोलीस अकादमी, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ, तिन्ही नाशिकमध्येच आहेत. शिकवणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही. शिक्षकांना एक दिवस वर्गातून मोकळं करा आणि आशाताईंना त्या दिवसाचा मोबदला द्या, खर्च प्रामुख्याने तेवढाच. तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी तुमच्या मुलाच्या शाळेत फोन करा. समुपदेशक आहे का, आणि एखाद्या मुलाची काळजी वाटली तर शिक्षकांनी पहिल्यांदा कुणाशी बोलायचं, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तोवर मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे दोन नंबर शाळेच्या फलकावर लावून घ्या.